पाऊस थांबल्यावर सुरू होणारं काम

क्रिकेटचे पंच मैदानाची पाहणी करायला येतात तेव्हा टीव्हीवर ते छत्री घेऊन फिरताना दिसतात. जवळ उभं राहिलं की कळतं, त्यांचं सगळं लक्ष बुटाच्या टाचेकडे असतं. गोलंदाजाच्या धावपट्टीच्या टोकाला, तीस यार्डांच्या वर्तुळाच्या आसपास आणि कव्हरची कड जिथे रात्रभर टेकली होती त्या पट्ट्यात ते टाच रोवतात आणि वळून पाहतात. टाचेभोवती पाणी वर आलं तर खेळ नाही. पाणी आलं नाही पण गवत मुळासकट सरकलं, तरीही खेळ नाही, कारण तिथे पळता पळता वळणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा गुडघा जाईल. चाळीस हजार माणसं ओरडत असतात, आकाश स्वच्छ असतं, आणि सामना अडलेला असतो तो दोन-तीन चौरस मीटरच्या ओल्या तुकड्यापायी.

सामना पुढे ढकलणं म्हणजे काय, हे आम्हा मैदानावर काम करणाऱ्यांना या तुकड्यापासूनच समजतं. पाऊस पडत असतो तेव्हा कुणाच्याच हातात काही नसतं. खरं काम तो थांबल्यावर सुरू होतं, आणि बहुतेक सामने वाचतात किंवा जातात ते त्यानंतरच्या तासाभरात.

२३ सप्टेंबर २०२२ ला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना होता. खेळाच्या वेळी पाऊस नव्हता. आधी पडलेल्या पावसाचं पाणी मैदानात मुरलेलं होतं आणि काही ठिकाणी गवताखालची माती अजून ओली होती. सात वाजता सुरू व्हायचा सामना पाहणीमागून पाहणी होत साडेनऊला सुरू झाला, तोही ८-८ षटकांचा. ऑस्ट्रेलियाच्या ९० धावांना भारतानं ९२ करून उत्तर दिलं आणि प्रेक्षक घरी गेले. पाऊस नसताना अडीच तास का लागले, हा प्रश्न त्या रात्री अनेकांना पडला. उत्तर मातीत आहे.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सत्तर मीटर त्रिज्येचं मैदान धरलं तर क्षेत्रफळ साधारण १५,४०० चौरस मीटर होतं. त्यावर नुसता दहा मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे अर्ध्या तासाची एक बरी सर, तर १ लाख ५४ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर मैदानात रिकामे केल्यासारखं. हे पाणी कुठे जाणार ते गवताखालचे थर ठरवतात. वाळूचा थर, त्याखाली खडी, त्यात भोकं पाडलेले पाइप आणि मैदानाला मधून कडेकडे पुरेसा उतार असेल, तर पाणी उभं राहत नाही. चिकणमाती जास्त असलेल्या जुन्या मैदानात मात्र ते वरच्या काही इंचांत अडकतं. वरून गवत कोरडं दिसतं, टाच रोवली की खालून पाणी येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कानपूर कसोटीचा तिसरा दिवस असाच गेला. दिवसभर पाऊस नव्हता, तरी एकही चेंडू पडला नाही. त्याच महिन्यात ग्रेटर नोइडात अफगाणिस्तान-न्यूझीलंड कसोटीचे पाचही दिवस एकही चेंडू न टाकता संपले.

बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाखाली हवेच्या दाबानं पाणी खेचून घेणारी यंत्रणा बसवलेली आहे. मिनिटाला दहा हजार लिटरपर्यंत पाणी ओढण्याची तिची क्षमता सांगितली जाते. यंत्रणा खरोखर चांगली आहे, पण ती पाऊस थांबल्यावरच उपयोगी पडते. १७ मे २०२५ ला आयपीएलच्या बेंगळुरू-कोलकाता सामन्याच्या वेळी पाऊस थांबलाच नाही. नाणेफेकही झाली नाही, दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला आणि त्या एका गुणावर कोलकात्याचं आव्हान संपलं.

आता कव्हरबद्दल, कारण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद. झाकायची मात्र तेवढीच नसते. शेजारच्या खेळपट्ट्या आणि दोन्ही बाजूंच्या धावपट्ट्या धरून मधला सगळा चौकोन झाकावा लागतो. ईडन गार्डन्ससारख्या ठिकाणी तर आख्खं मैदान झाकतात. खेळपट्टीवर आधी गोणपाटासारखं श्वास घेणारं अंथरूण टाकतात, त्यावर कव्हर. प्लास्टिक थेट मातीवर टाकलं तर जमिनीतली वाफ वर चढून प्लास्टिकला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. आमच्याकडे म्हणतात, ‘विकेटला घाम सुटला’. पाऊस पडला नाही तरी खेळपट्टी ओली सापडते ती या घामामुळे. म्हणून पाऊस उघडला की दहा मिनिटांसाठी का होईना, कव्हर वर करून वारा लागू द्यायचा असतो. पुन्हा पाऊस येईल या भीतीनं ते तसंच दाबून ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक कव्हर काढताना होते. कव्हरवर पाण्याचं तळं साचलेलं असतं आणि घाई सगळ्यांनाच असते. चार माळी चार कोपरे धरून उचलतात, कव्हरची मधेच घडी पडते आणि शे-दोनशे लिटर पाणी थेट चौकोनावर ओततं. बरोबर क्रम असा: आधी कव्हरवरचं पाणी सुपर सॉपरनं शोषून घ्यायचं. हा फोमचा रोलर असतो. पुढे जाताना तो पाणी शोषतो, आतला दुसरा रोलर ते पिळतो आणि पाणी टाकीत जातं. मग उताराच्या दिशेनं, वाऱ्याला पाठ देऊन, कव्हर न उचलता ओढत सीमारेषेकडे न्यायचं. वाऱ्याकडे तोंड करून उचललं तर कव्हरचं शीड होतं आणि माणसं फरफटत जातात. कव्हरची कड जिथे टेकते तिथे पाण्याची रेघ उरतेच. ती स्पंजानं टिपून बादलीत पिळायची. यंत्र तिथे चालत नाही, गुडघ्यावर बसूनच ते काम होतं. धावपट्टीवर लाकडाचा भुसा टाकतात, पण खेळपट्टीवर भुशाचा कणही चालत नाही.

५ जानेवारी २०२० ला गुवाहाटीत भारत-श्रीलंका टी-२० सामन्याची नाणेफेक झाली, मग सर आली, आणि कव्हरमधून पाणी झिरपून खेळपट्टीवर ओले डाग पडले. ते वाळवायला केस वाळवायचा ड्रायर आणि कपड्यांची इस्त्री मैदानात आणली गेली. त्यावरून लोक खूप हसले. त्या माळ्यांच्या जागी कुणीही असतं तरी हातात येईल ते घेऊन धावलं असतं, आणि त्यांची तडफड मला खरी वाटते. उपाय मात्र चालणारा नव्हता. इस्त्रीनं वरचा पापुद्रा वाळतो, खाली ओल तशीच राहते. चेंडू पडला की पापुद्रा फुटतो, चेंडू कधी बुटाच्या उंचीनं जातो तर कधी गळ्याशी उसळतो. पंचांनी सामना रद्द केला तो योग्यच होता. गवतात ओल असेल तर क्षेत्ररक्षक घसरतो. खेळपट्टीत ओल असेल तर फलंदाजाचं डोकं धोक्यात येतं, म्हणून दोन्हींचे निकष सारखे नसतात.

पाणी हे एकच कारण नसतं. १७ डिसेंबर २०२५ ला लखनौचा भारत-दक्षिण आफ्रिका टी-२० सामना धुक्यानं रद्द झाला. धुक्यावर कोणतंही यंत्र नाही, रात्र चढेल तसं ते दाटच होतं. त्या महिन्यात तिकडे रात्रीचा सामना ठेवतानाच तो विचार व्हायला हवा. ९ फेब्रुवारी २०२५ ला कटकच्या एकदिवसीय सामन्यात एका मनोऱ्याचे दिवे गेले आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ खेळ थांबला. पर्यायी जनरेटर होता, पण तो मनोऱ्याशी न्यायच्या वाटेवर गाडी उभी होती, असं संघटनेनं नंतर सांगितलं. म्हणून आम्ही जनरेटरची यादी बघून थांबत नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी जनरेटरपासून मनोऱ्यापर्यंत चालत जातो आणि वाटेवर काय उभं आहे ते पाहतो. जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा विझले की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत, त्यात बरीच मिनिटं जातात. एलईडी लगेच पेटतात. वीज क्षणभर गेली तरी कुठे दोन मिनिटं आणि कुठे वीस मिनिटं खेळ का थांबतो, हे यावरून समजावं.

मैदानाचं काम चालू असतं तेव्हा सामनाधिकाऱ्यांच्या खोलीत घड्याळाचं काम चालू असतं. टी-२० चा डाव ८५ मिनिटांचा, म्हणजे एका षटकाला सव्वाचार मिनिटं. नागपूरचा हिशेब त्यावरून बघा. ८ आणि ८ मिळून १६ षटकं, १६ गुणिले सव्वाचार म्हणजे ६८ मिनिटं. मधली विश्रांती वीसवरून दहावर आणली की एकूण ७८. साडेनऊला पहिला चेंडू पडला तर पावणेअकराच्या पुढेमागे सामना संपतो. षटकं कमी झाली की बाकी सगळंही आखडतं. त्या सामन्यात पॉवरप्ले, म्हणजे क्षेत्ररक्षकांवर बंधन असलेला सुरुवातीचा भाग, दोन षटकांचा होता आणि गोलंदाजाला जास्तीत जास्त दोनच षटकं मिळाली.

आयपीएलमध्ये निकालासाठी दोन्ही संघांना किमान पाच षटकं मिळावी लागतात. साडेसातच्या सामन्याला ६० मिनिटं जादा वेळ धरला तर ५-५ षटकांचा सामना सुरू करण्याची शेवटची वेळ रात्री १०.५६ होते, १२० मिनिटं जादा असतील तर ११.५६. प्रेक्षक ही वेळ पाहून थांबतात. आम्ही मात्र तिथून उलटं मोजतो. १०.५६ ला चेंडू पडायचा तर नाणेफेक, दोन्ही संघांचा सराव आणि सीमारेषेची दोरी नीट लावणं यांना अर्धा तास. त्याआधी कव्हर काढणं, सॉपर फिरवणं, स्पंज आणि शेवटची पाहणी यांना पाऊण ते एक तास. म्हणजे पाऊस साडेनऊच्या आसपास थांबायला हवा. दहा वाजताही जोरात पडत असेल तर १०.५६ ची वेळ कागदावरच राहते. हे जाणणारी माणसं त्या वेळी मनातून पुढच्या तयारीला लागलेली असतात, पण माइकवरून तसं बोलता येत नाही. पंचांनी जाहीर करेपर्यंत सामना जिवंत असतो, आणि प्रेक्षकांना अर्धवट बातमी मिळाली तर एकाच वेळी सगळे दरवाजाकडे धावतात.

एखाद्या स्पर्धेत राखीव दिवस आहे की नाही, हे वेळापत्रकात दोन सामन्यांमधल्या जागेवर ठरतं. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात गयानाच्या भारत-इंग्लंड उपांत्य सामन्याला राखीव दिवस नव्हता. त्याऐवजी २५० मिनिटं जादा वेळ होता. उपांत्य सामना २७ जूनचा, अंतिम सामना २९ जूनला बार्बाडोसला. मधला दिवस खेळात गेला असता तर जिंकणारा संघ बार्बाडोसला पोहोचून खेळायला कधी उतरणार?

आणि राखीव दिवस असला तरी त्या दिवशी काय करायचं, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना कोलंबोत २९ सप्टेंबरला पावसात अडकला. श्रीलंकेच्या २४४ धावांनंतर भारतानं दोन षटकांत बिनबाद १४ केल्या होत्या. ३० सप्टेंबरला तो सामना पुढे चालू न ठेवता नव्यानं पहिल्यापासून सुरू केला गेला. श्रीलंकेनं पुन्हा ५० षटकं फलंदाजी केली, २२२ धावा झाल्या, भारताच्या ८.४ षटकांनंतर पुन्हा पाऊस आला. दोन दिवसांत शंभराहून अधिक षटकं टाकली गेली आणि निकाल लागला नाही. विजेतेपद विभागून द्यावं लागलं. पहिल्या दिवसाचा खेळ पुढे चालू ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी त्या षटकांत निकाल लागायला जागा होती. २०१९ च्या विश्वचषकात मात्र मँचेस्टरला भारताविरुद्धच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचा डाव ४६.१ षटकांत ५ बाद २११ वर थांबला, तेव्हा दुसऱ्या दिवशी उरलेले २३ चेंडू तिथूनच टाकले गेले. तो सामना भारत हरला, म्हणून भारतीय प्रेक्षकांना ती सकाळ आठवायला आवडत नाही, पण नियम म्हणून तोच बरोबर आहे.

२८ मे २०२३ ला अहमदाबादला आयपीएलचा चेन्नई-गुजरात अंतिम सामना होता. नाणेफेकीच्या आधीच पाऊस आला आणि रात्री अकराच्या सुमाराला सामना दुसऱ्या दिवसावर गेला. एकही चेंडू पडला नव्हता, म्हणून २९ तारखेला नवा सामना खेळायचा होता. ही बाजू सोपी. अवघड होती ती स्टेडियमबाहेर. लाखभर माणसं बसतील एवढं ते मैदान, आणि पुष्कळ माणसं परगावची. परतीची तिकिटं रविवारी रात्रीची किंवा सोमवारी पहाटेची. चेन्नईच्या पिवळ्या जर्सीतली पोरं अहमदाबाद स्टेशनवर फलाटाच्या फरशीवर झोपलेली साऱ्या देशानं पाहिली.

अशा वेळी घोषणेत काय असावं, यावर आम्ही सगळ्यात जास्त वाद घालतो. पहिलं वाक्य सामन्याबद्दल नको, तिकिटाबद्दल हवं: हातातलं तिकीट फेकू नका, उद्या तेच चालेल. माणसं निराश झाली की तिकीट चुरगळून टाकतात, आणि पावसात भिजलेल्या कागदावरचा बारकोड दुसऱ्या दिवशी वाचला जात नाही. म्हणून दारावर एक वेगळी खिडकी ठेवावी लागते, जिथे फाटलं-भिजलं तिकीट आसनक्रमांकाशी ताडून आत सोडता येईल. दुसरं, आदल्या दिवशी एकदा स्कॅन झालेलं तिकीट यंत्राला ‘वापरलेलं’ वाटतं. रात्रीतून ती नोंद पुसून यंत्रणा नव्यानं चालू करावी लागते. हे विसरलं तर दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत दरवाजावर गर्दी तुंबते.

पोलीस बंदोबस्ताचं गणित त्याहून कठीण. सकाळपासून उभा असलेला शिपाई मध्यरात्री सुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा बोलवायचं असतं. शहरात त्याच दिवशी दुसरा मोठा कार्यक्रम असेल तर माणसं मिळत नाहीत, आणि मग सामना हलतो तो पावसाशिवायच. ६ एप्रिल २०२५ ला रामनवमी होती. त्या दिवशीचा कोलकात्याचा आयपीएल सामना बंदोबस्त देता येणार नाही म्हणून ८ एप्रिलला न्यावा लागला. २०२३ च्या विश्वचषकात अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना नवरात्रामुळे १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला, आणि एकूण नऊ सामन्यांच्या तारखा किंवा वेळा बदलल्या. एक हलवला की दुसऱ्याला धक्का बसतो. पाकिस्तानचा आधीचा सामना १२ वरून १० ला आणावा लागला, नाहीतर मधे विश्रांतीला दिवस उरत नव्हता. १४ चा दिल्लीतला इंग्लंड-अफगाणिस्तान सामना १५ ला गेला. मुंबईत यात आणखी एक गोष्ट येते, शेवटची लोकल. वानखेडेचा सामना लांबला की बोरिवली-विरारची माणसं एकोणिसाव्या षटकाच्या आधीच चर्चगेटकडे चालू लागतात. जादा गाड्या सोडायच्या तर रेल्वेला आधी कळवावं लागतं.

अहमदाबादच्या २९ मेच्या रात्रीकडे परत येतो, कारण पावसानं तिथे दुसऱ्यांदा परीक्षा घेतली. गुजरातनं ४ बाद २१४ केल्या. चेन्नईच्या डावाचे तीन चेंडू झाले आणि पाऊस आला. तो फार वेळ टिकला नाही. पण बाजूच्या सरावाच्या खेळपट्ट्या भिजल्या होत्या, आणि तिथली माती रोलरनं दाबलेली असल्यामुळे पाणी खाली उतरत नव्हतं. झाकायच्या चौकोनाची रुंदी ठरवताना नेमकी हीच जागा सुटते. स्पंज, बादल्या आणि भुसा असं करत खेळ सुरू झाला तो मध्यरात्र उलटून १२.१० ला. १५ षटकांत १७१ चं नवं लक्ष्य, पॉवरप्ले चार षटकांचा, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त तीन षटकं. शेवटच्या दोन चेंडूंवर दहा हव्या होत्या आणि जडेजानं षटकार-चौकार मारून सामना संपवला. तोवर ३० मे उजाडला होता. २८ तारखेचा सामना असा तीन तारखांवर पसरला.

एक सामना हलवणं आणि आख्खी स्पर्धा हलवणं यात मोठं अंतर आहे. ८ मे २०२५ ला धर्मशाळेत पंजाब-दिल्ली सामना १०.१ षटकांवर थांबवला गेला. दिवे गेले आणि सीमेवरच्या तणावामुळे स्टेडियम रिकामं करण्यात आलं. परिसरातले विमानतळ बंद होते. दोन्ही संघ, पंच आणि प्रक्षेपणाची माणसं रस्त्यानं जालंधरला आणि तिथून विशेष वंदे भारत गाडीनं दिल्लीला आणली गेली. दुसऱ्या दिवशी स्पर्धा आठवड्यासाठी थांबली. १७ मे रोजी ती पुन्हा सुरू झाली तेव्हा १७ सामने उरले होते. साखळी सामने बेंगळुरू, जयपूर, दिल्ली, लखनौ, मुंबई आणि अहमदाबाद या सहाच ठिकाणी, आणि अंतिम सामना २५ मेऐवजी ३ जूनला.

नऊ दिवस पुढे जाणं बाहेरून किरकोळ दिसतं. पण जून म्हणजे पावसाळ्याचं तोंड. त्यामुळे २० मेपासून साखळी सामन्यांनाही जादा वेळ ६० वरून १२० मिनिटांवर नेला गेला. बेंगळुरूचा २३ मेचा सामना पावसाच्या अंदाजामुळे तीनच दिवस आधी लखनौला हलवला. दुसरं, परदेशी खेळाडूंच्या पुढच्या तारखा आधीच ठरलेल्या होत्या. २९ मेपासून इंग्लंड-वेस्ट इंडीज मालिका, ११ जूनपासून लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. इंग्लंडचा बटलर गुजरातला बाद फेरीआधी सोडून गेला, मुंबईनं बदली म्हणून बेअरस्टोला आणलं. तात्पुरते बदली खेळाडू घ्यायची मुभा द्यावी लागली, पण अशा खेळाडूंना पुढच्या वर्षी कायम ठेवता येणार नाही ही अट घालून, नाहीतर मागच्या दारानं संघबांधणी झाली असती. ती अट चांगली होती.

धर्मशाळेचा अर्धा सामना २४ मे रोजी जयपूरला पहिल्यापासून खेळवला गेला. पंजाबच्या १ बाद १२२ पुसल्या गेल्या, आणि नव्या सामन्यात दिल्ली जिंकली. त्या वर्षी बाद फेरीत क्वालिफायरला, म्हणजे अंतिम फेरी गाठायच्या सामन्याला, राखीव दिवस नव्हता. सामना झालाच नाही तर साखळीत वर असलेला संघ पुढे जातो. १ जूनला अहमदाबादला मुंबई-पंजाब सामना सव्वादोन तास उशिरा, रात्री पावणेदहाला सुरू झाला, तरी वाढीव वेळेमुळे एकही षटक कमी झालं नाही. मुंबईच्या २०३ पंजाबनं १९ षटकांत पार केल्या. पाऊस पडतच राहिला असता तरी पंजाबच पुढे गेला असता, पण खेळून जिंकणं आणि तक्त्यावरून पुढे जाणं यातला फरक त्या संघाला विचारावा.

सामना दुसऱ्या मैदानावर नेताना सगळ्यांत आधी तिथल्या क्युरेटरला, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याला, फोन जातो, कारण तयार खेळपट्टी आहे की नाही यावर बाकी सगळं अवलंबून असतं. पाणी, रोलर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर, मग उन्हात वाळवणं असं करत नवी खेळपट्टी तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तीन दिवसांत सामना आला तर आधी वापरलेल्या खेळपट्टीवरच खेळवावा लागतो, आणि ती संथ होते. खेळपट्टीला लागणारं हे पाणी महाराष्ट्रानं एका वर्षी वेगळ्या नजरेनं पाहिलं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळ होता, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. १३ सामने होते. १ मेचा पुण्याचा सामना तेवढा परवानगी घेऊन झाला. मुंबई आणि पुणे दोघांनीही घरचं मैदान म्हणून विशाखापट्टणम घेतलं, अंतिम सामना बेंगळुरूला गेला. तेव्हा मैदानावरच्या अनेकांना वाईट वाटलं, रोजगार गेला. तरी ज्या गावात प्यायला पाणी नव्हतं तिथल्या माणसाला गवतावर फवारे उडताना दाखवणं बरं नव्हतं, हे आमच्यातल्या बहुतेकांनी मान्य केलं.

सामना हलला, गाड्या निघाल्या, कॅमेऱ्यांच्या तारा गुंडाळल्या की मैदानावर उरतात ती कव्हरं. ओली घडी घालून ती गोदामात टाकली तर आठवड्यात बुरशी धरते, शिवण कुजते, आणि दुमडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. उभं राहून बघितलं तर दिसत नाहीत. म्हणून ऊन पडलं की कव्हर सीमारेषेबाहेर पूर्ण उलगडायचं, दोन्ही बाजूंनी वाळवायचं, मग दोघांनी दोन टोकांना धरून सूर्यासमोर उभं करायचं आणि तिसऱ्यानं मागून शिवणीवर नजर फिरवायची. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूनं गोल करायचा. आमच्याकडे हे काम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रोलर बाहेर काढण्याच्या आधी होतं.